कुत्र्याला फिट आली तर

बंगळुरूतल्या श्वानप्रेमींनो, कुत्र्याला फिट आली की आपलेच हातपाय गळतात. तरी आधी घड्याळ बघा. तोंडात हात किंवा चमचा अजिबात घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण नकळत कडकडून चावतो. फर्निचर बाजूला सरकवा, शक्य झाल्यास व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

फिट 5 मिनिटांत थांबली नाही किंवा 24 तासांत दुसरी आली, तर थेट दवाखाना. हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण इथल्या ट्रॅफिकमध्ये घरापासून किती वेळ लागतो, रात्री जवळचं काय उघडं असतं, हे आजच बघून ठेवा.

डॉक्टरांनी फिटसाठी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या ‘आता बरा आहे’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्या तर फिट जोरात उलटते. त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून संपायच्या आठवडाभर आधीच आणा.