आपला इतिहास कोणत्या नावाखाली नोंदवला आहे?

महाडचा सत्याग्रह माहीत नाही असा माणूस आपल्या चळवळीत सापडणार नाही. पण त्या सत्याग्रहाचे सरकारी कागद कुठे आहेत, असे विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील? जयंतीला भाषण करणे वेगळे आणि दप्तरखान्यात जाऊन मूळ कागद हातात घेणे वेगळे. आपण पहिले काम उत्साहाने करतो. दुसरे काम मात्र इतरांवर सोडून देतो आणि मग आमचा इतिहास इतरांनीच लिहिला म्हणून तक्रार करतो.

महाडचेच उदाहरण घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या माणसांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तोवर सनातन्यांनी दिवाणी दावा लावला होता. त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. लढा एकच, पण त्याचे कागद निदान चार ठिकाणी तयार झाले: कायदेमंडळात, नगरपालिकेत, जिल्हाधिकारी व पोलीस कचेरीत आणि न्यायालयात. यांपैकी कोणत्याही खात्याच्या कारकुनाला आपण मानवमुक्तीच्या लढ्याचा कागद नोंदवतो आहोत असे वाटले नसेल. पोलिसांच्या लेखी तो बंदोबस्ताचा विषय होता आणि न्यायालयाच्या लेखी वहिवाटीचा वाद. नगरपालिकेच्या लेखी तर तो पाण्याचा प्रश्न होता.

इथेच खरी गोम आहे. दप्तरखान्यात कागद आहे म्हणजे तो सापडतो असे नाही. तो सापडतो शोधसूचीमुळे. कोणत्या खात्याचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या क्रमांकाचे दप्तर कुठे ठेवले आहे आणि त्यात काय आहे, हे सांगणारी यादी म्हणजे शोधसूची. जगभरचे अभिलेखपाल कागद ज्या खात्याने तयार केला त्या खात्याच्याच क्रमाने ठेवतात. ही पद्धत चूक नाही. कागद मूळ क्रमातून उपटून काढला की तो कुणी, कशासाठी लिहिला हेच कळेनासे होते. पण या पद्धतीचा एक परिणाम असा की राज्यकर्त्यांनी ज्या दृष्टीने आपल्याकडे पाहिले, त्याच दृष्टीने आपला इतिहास रचून ठेवला जातो.

शब्दांची अडचण तर आणखी मोठी आहे. समजा, खेड्यातला एक विद्यार्थी संशोधनासाठी संगणकावर बसला आणि त्याने ‘दलित’ हा शब्द टाकला. १९२७ सालच्या इंग्रजी फायलीवर हा शब्द सहसा असणार नाही. तिथे ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असेल, ‘अनटचेबल्स’ असेल किंवा ‘बॅकवर्ड क्लासेस’ असेल. १९३५ च्या कायद्यानंतर ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आले. कुठे आपल्या समाजाने झिडकारलेला ‘हरिजन’ शब्द असेल. मुंबई लष्कराच्या जुन्या कागदांत महार सैनिकांना ‘परवारी’ म्हटलेले आढळते. महाडसाठी ‘रायगड जिल्हा’ शोधणाऱ्याच्या हातीही काही लागणार नाही, कारण १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. कागद तिथेच असतो, विद्यार्थीही दाराशी आलेला असतो. पण दोघांच्या शब्दांची गाठ पडत नाही आणि पोरगा रिकाम्या हाताने परत जातो.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. कागद हलवायचा नाही. सूचीतल्या नोंदीला विषयाची जोड द्यायची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. अशा संकेतस्थळावर ‘महाडचा सत्याग्रह’ हा एक विषय ठेवावा आणि त्या विषयाखाली चारही ठिकाणच्या नोंदी जोडाव्यात. ‘महार वतन’ हा दुसरा विषय ठेवावा आणि त्याला महसूल खात्याच्या सूच्या जोडाव्यात. लष्करभरतीचा विषयही तसाच. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे लष्करात आणि पोलिसांत प्रवेश मिळावा म्हणून जो अर्ज केला, त्याच्या मागावर निघालेल्याला भरतीच्या फायलींपर्यंत नेणारी खूण हवी. जुने शब्द खोडायचे नाहीत. फायलीवर जे लिहिले आहे ते तसेच राहू द्यावे, तोही पुरावाच आहे. पण ‘डिप्रेस्ड क्लासेस’, ‘अनुसूचित जाती’, ‘दलित’ असा कोणताही शब्द टाकला तरी माणूस त्याच दाराशी पोहोचला पाहिजे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘दलित’ शब्द टाळण्याची सूचना वृत्तवाहिन्यांना केली. उद्या आणखी एखादा शब्द येईल. शब्द बदलले म्हणून आधीचा इतिहास अंधारात जाता कामा नये.

हे फक्त विद्वानांचे काम आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक कायदेमंडळात मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली. पण वतनी जमिनीचे तंटे संपले का? आजही कितीतरी कुटुंबे आजोबांच्या नावाचा कागद शोधत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत आहेत. ज्याला सूची वाचता येते तो ती जमीन गिळतो आणि ज्याची जमीन आहे तो दारात उभा राहतो. शोधसूची हा असा भाकरीचाही प्रश्न आहे.

सूची नीट असली की काय होते, हेही पाहू. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. ही दोन्ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात, डू बॉइस यांच्या सुमारे लाखभर कागदांच्या संग्रहात आहेत. त्या ढिगात ती हरवली नाहीत, कारण प्रत्येक पत्राची वेगळी नोंद आहे आणि ती नावांना व विषयांना जोडलेली आहे. नागपूरच्या इंदोरा वस्तीतली मुलगी आज ते पत्र घरबसल्या वाचू शकते. मग मुंबईतल्या आपल्याच दप्तरांविषयी तिला हे का करता येऊ नये?

वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन मिळवण्यासाठी केवढे कष्ट उपसले, हे चळवळ जाणते. १९७९ मध्ये त्या मालिकेचा पहिला खंड निघाला. १९८२ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या मूळ साधनांचा खंड काढला. त्यात पोलिसांच्या गुप्त अहवालांतील उतारे आहेत. म्हणजे आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांचे कागदही आपल्या उपयोगी पडले. पण ते कुणीतरी शोधून दिले म्हणून.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. राज्याच्या पुराभिलेख विभागाने आपल्या सगळ्या शोधसूच्या विषयवार जोडून लोकांसमोर ठेवाव्यात आणि विषयांची यादी ठरवताना फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासकांना सोबत घ्यावे. कोणत्या कागदाला कोणते नाव द्यायचे हा केवळ कारकुनी प्रश्न नाही. नाव देण्याचा अधिकार हजारो वर्षे ज्यांच्या हाती होता, त्यांनी आपल्याला कोणती नावे दिली हे आपण विसरलेलो नाही.

आणि सरकारची वाट पाहत बसू नये. आपल्या घरांतल्या लोखंडी पेट्यांत, विहारांच्या कपाटांत ‘जनता’चे अंक आहेत, परिषदांची हँडबिले आहेत, समता सैनिक दलाची कार्डे आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या. कुणी लिहिला, कुणाला लिहिला, कोणते गाव, कोणती तारीख, कोणता विषय, एवढ्या पाच गोष्टी लिहा. जे ठाऊक नसेल तिथे रिकामी जागा सोडा. उद्या हीच वही मोठ्या सूचीला जोडता येईल. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीची तयारी कराल, त्याच आठवड्यात एक रविवार या कामाला द्या. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना बसवा आणि जुन्या माणसांना सोबत घ्या, कारण कागदावर नसलेली नावे त्यांनाच आठवतात.