'रुपया' शब्दाचा अर्थ व उगम

रुप्याचा तो रुपया, अशी व्युत्पत्ति आमच्याकडे सर्रास सांगितली जाते. पालघर, बोईसर, तारापूर या भागांत जुनीं नाणीं बाळगणारी मंडळीहि ती निःशंकपणें सांगतात. शब्दाचें मूळ पाहूं जातां ती उलटी ठरते.

पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत 'रूप' शब्दास 'यप्' प्रत्यय सांगितला, तो 'आहत' व 'प्रशंसा' या दोन अर्थीं. आहत म्हणजे ठोकलेलें. ठोकून ज्यावर आकृति उमटविली तें रूप्य. काशिकाकार उदाहरणांत कार्षापणाबरोबर दीनारहि देतात, आणि दीनार तर सोन्याचा! अमरकोशांतहि सोनें व रुपें या दोहोंस, छाप मारल्यावर, रूप्य हीच संज्ञा आहे. कौटिल्य चांदीच्या नाण्यास 'रूप्यरूप' व तांब्याच्या नाण्यास 'ताम्ररूप' म्हणतो. तेथें रूप्य म्हणजे चांदी हें खरें. परंतु नाणें या अर्थाचा शब्द 'रूप' हाच. छापाचें नांव धातूस मागाहून चिकटलें, असें आमचें मत आहे.

आमच्या या किनाऱ्यावर निरनिराळ्या काळीं निराळींच नांवें चालत. उषवदाताच्या नाशिक येथील लेखांत डहाणूच्या नदीवरील फुकट तरीचा उल्लेख आहे. त्याच्या देणग्यांचा हिशेब मात्र कार्षापणांत, ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दरानें. शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतो. तो ग्रीकांच्या द्राख्मेचा वंशज, व आपला 'दाम' त्याचा. फिरंगी अमलांत ३०० रेसांचा शेराफिन होता; हें नांव 'अशरफी'चेंच रूपांतर.

रुपया हें विशिष्ट नाण्याचें नांव रूढ झालें तें शेरशहाच्या (१५४०–१५४५) सुमारें १७८ ग्रेन वजनाच्या चांदीच्या नाण्यामुळें. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेनें जानेवारी १७३९ मध्यें घेतला. त्यापुढील मराठी कागदांत 'रुपये' दिसले कीं वाचक एकच किंमत धरून चालतात. हें धोक्याचें आहे. अंकुशी निराळा, चांदवडी निराळा. छाप बदलला कीं बट्टा बदले, आणि बट्टा न धरतां केलेली बेरीज मूळ हिशेबाशीं जुळत नाहीं. अंकुशीस तर नांवच त्यावरील अंकुशाच्या चिन्हावरून मिळालें. म्हणून संग्राहकांनीं आपल्या टिपणांत 'चांदीचें नाणें, वजन अमुक' एवढ्यावर न थांबतां दोन्ही बाजूंच्या छापाचें वर्णन द्यावें, व कागद उतरून घेतांना रकमेमागील छापाचें नांव गाळूं नये.