टाहो सरोवर : पर्यटन आणि पाण्याची नितळता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅलिफोर्निया व नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतराजीत टाहो हे विशाल सरोवर वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवरील या सरोवराची लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर, तर कमाल खोली ५०१ मीटर आहे. उन्हाळ्यात नौकाविहार व गिरिभ्रमण आणि हिवाळ्यात बर्फावरील खेळ यांसाठी येथे पर्यटकांची वर्दळ असते. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक सामने याच परिसरात झाले आणि या स्थळाची कीर्ती सर्वदूर पसरली.

या सरोवराचे खरे वैभव म्हणजे त्याचे नितळ पाणी. नितळता मोजण्याची रीत साधी आहे. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे पाहिले जाते. १९६८ साली ही खोली सरासरी सुमारे ३१ मीटर होती. १९९७ साली ती २० मीटरच्याही आत आली.

असे का व्हावे? पर्यटनाबरोबर वस्ती, रस्ते व बांधकामे वाढली. पावसाच्या व वितळलेल्या बर्फाच्या पाण्याबरोबर माती सरोवरात येऊ लागली. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात, तर नायट्रोजन व फॉस्फरस यांवर शेवाळ पोसते. सरोवरास ६३ लहानमोठे प्रवाह मिळतात. बाहेर पडते ती मात्र एकटी ट्रकी नदी. सर्व पाणी पालटण्यास सुमारे ६५० वर्षे लागतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साहजिकच आत गेलेली घाण लवकर बाहेर पडत नाही.

हा धोका ओळखून दोन्ही राज्यांनी करार केला व १९६९ साली त्यास केंद्रीय संमती मिळून संयुक्त प्रादेशिक नियोजन संस्था अस्तित्वात आली. १९८० साली करारात सुधारणा करून तिचे अधिकार वाढविण्यात आले. परिसरातील सांडपाणी शुद्ध केल्यानंतरही सरोवरात न सोडता खोऱ्याबाहेर नेले जाते. १९९९ पासून अधिक प्रदूषण करणाऱ्या जुन्या धर्तीच्या नौका-इंजिनांवर बंदी आहे, तर २००८ पासून परक्या जलचरांचा शिरकाव रोखण्यासाठी यांत्रिक नौकांची तपासणी सक्तीची आहे.

या उपायांनी घसरण बव्हंशी थोपली. तथापि, १९६८ ची नितळता अद्याप परत आलेली नाही. पर्यटनस्थळाचा आराखडा आखताना निवासस्थाने किती बांधावयाची, याआधी तेथील सांडपाणी व माती कोठे जाणार, हे ठरविणे अगत्याचे आहे, हाच टाहोचा धडा होय.