योना संदेष्ट्याची ओळख : ‘इब्री’, ‘इस्राएली’ आणि ‘यहूदी’ या संज्ञांच्या संदर्भात

योना हा ‘यहूदी संदेष्टा’ होता, असे सर्रास म्हटले जाते. विधान वरवर पाहता निरुपद्रवी आहे. परंतु ज्या ग्रंथात त्याची कथा आली आहे त्या ग्रंथातच त्याला ‘तू कोण?’ हा प्रश्न समोरासमोर विचारलेला आहे, आणि त्याने दिलेल्या उत्तरात ‘यहूदी’ हा शब्द नाही. ही गोष्ट केवळ शब्दाची म्हणून सोडून देता येत नाही; कारण त्या एका शब्दाने एक संपूर्ण राज्य इतिहासातून पुसले जाते.

प्रसंग सर्वपरिचित आहे. निनवेला जाण्याची आज्ञा टाळून योना याफो बंदरातून तार्शीशला जाणाऱ्या तारवात बसतो. वादळ उठते, खलाशी आपापल्या देवाचा धावा करतात, चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी योनाच्या नावे निघते. मग ते त्याला एकामागून एक प्रश्न विचारतात : धंदा कोणता, आलास कोठून, देश कोणता, लोक कोणते? योना त्यांपैकी फक्त शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. ‘इव्री आनोखी’, म्हणजे ‘मी इब्री’. त्याला जोडून, समुद्र व कोरडी भूमी निर्माण करणाऱ्या स्वर्गातील देवाचे, याहवेचे, आपण भय बाळगतो, असे तो सांगतो. देशाचे नाव तो घेत नाही. ज्याच्या देवाने सारीच भूमी केली त्याने एका प्रांताचे नाव काय सांगावे, असा लेखकाचा हेतू असावा.

‘इव्री’ या शब्दाचा हिब्रू बायबलमधील वापर पाहिला तर एक नियमितता दिसते. हा शब्द बहुधा परक्याच्या तोंडी येतो, किंवा परक्याशी बोलताना वापरला जातो. मिसरमधील योसेफ स्वतःच्या लोकांचा उल्लेख परक्यांजवळ याच शब्दाने करतो. फारोशी बोलताना मोशेही हाच शब्द योजतो. पलिष्टी लोक शत्रूचा उल्लेख याच नावाने करतात. आपसांत मात्र हे लोक स्वतःला ‘इस्राएल’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर एकाच समूहाचे हे अंतर्नाम आणि बहिर्नाम आहे. योना परदेशी खलाशांशी बोलत आहे, म्हणून तो त्यांना समजेल असे नाव घेतो. (अमार्ना पत्रांतील ‘हबिरू’शी या शब्दाचा संबंध लावण्याचा वाद जुना आहे, येथे त्याने काही साधत नाही.)

‘येहूदी’ या शब्दाची कथा निराळी. मुळात तो प्रदेशवाचक आहे : दक्षिणेकडील यहूदा राज्याचा रहिवासी. बायबलच्या ऐतिहासिक ग्रंथांत तो राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात प्रथम येतो, तोही याच अर्थाने. यहूदा राज्य इ. स. पू. 586 च्या सुमारास लयाला गेल्यावर लोक परागंदा झाले, पण नाव त्यांच्याबरोबर गेले आणि त्याचा अर्थ विस्तारला. एस्तेरच्या ग्रंथात मर्दखय हा बन्यामीन वंशाचा असूनही ‘येहूदी’ आहे. इतकेच नव्हे, तर त्या ग्रंथाच्या 8 व्या अध्यायात या नामापासून बनलेले, ‘यहूदी होणे’ अशा अर्थाचे क्रियापदही येते. नामाचे क्रियापद झाले की ती ओळख स्वीकारता येण्याजोगी झाली, असे समजण्यास हरकत नाही. तरीही सीमारेषा लवचीकच होत्या. इ. स. पू. 5 व्या शतकातील एलिफंटाइन येथील अरामी दस्तऐवजांत महसेया नावाचा एकच गृहस्थ कोठे ‘यहूदी’ तर कोठे ‘अरामी’ म्हणून नोंदलेला आहे.

आता योना कोठला? राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात अमित्तयपुत्र योना हा गथ-हेफेर गावचा संदेष्टा असून त्याने दुसऱ्या यराबामच्या राज्यविस्ताराचे भाकीत केले होते, असे म्हटले आहे. गथ-हेफेर हे गालीलातील जबुलून वंशाच्या वाट्याचे गाव आणि यराबाम हा इ. स. पू. 8 व्या शतकाच्या पूर्वार्धातील उत्तरेचा, म्हणजे इस्राएलचा राजा. यहूदा हे शेजारचे, पुष्कळदा वैरी, राज्य होते. यराबामचा बाप योआश याचा उल्लेख अश्शूरचा राजा तिसरा अदाद-निरारी याच्या तेल अल-रिमाह येथील शिलालेखात ‘शोमरोनचा’ असा येतो. ऐतिहासिक योना निनवेच्या वेशीवर उभा राहिलाच असता, तर तेथील लेखनिकाने त्याची नोंद बहुधा अशीच केली असती. या अर्थाने योनाला ‘यहूदी’ म्हणणे हा कालविपर्यास तर आहेच, शिवाय स्थलविपर्यासही आहे.

उत्तरेकडील धर्मही नंतरच्या यहूदी धर्माशी एकरूप नव्हता. शोमरोन येथे 1910 मध्ये सापडलेल्या खापरांवरील, साधारण यराबामच्याच काळातील, नोंदींत याहवेच्या नावाने घडलेल्या व्यक्तिनामांबरोबर बआलच्या नावाने घडलेलीही आढळतात. कुंतिलेत अजरूद येथील लेखांत ‘शोमरोनचा याहवे’ अशेराच्या जोडीने येतो. योनाच्या गावी कोणती उपासना चालत असे हे यावरून ठरत नाही. पण ती यरुशलेमच्या नमुन्याची होती असे गृहीत धरता येत नाही, एवढे नक्की.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. यराबामकालीन योना निराळा आणि योनाच्या ग्रंथातला नायक निराळा. ग्रंथाची भाषाच ते सांगते. जहाजासाठी आलेला ‘सफीना’ हा अरामी वळणाचा शब्द, संबंधदर्शक ‘शे-’ हा उपसर्ग, ‘स्वर्गातील देव’ ही इराणी अंमलातील दस्तऐवजांत रूढ असलेली उपाधी, या खुणांवरून ग्रंथ बंदिवासानंतरचा मानला जातो. माशाच्या पोटातील योना पवित्र मंदिराकडे दृष्टी लावतो. हा स्तोत्रांचा परिचित सूर आहे. उत्तरेच्या माणसाला दक्षिणेच्या वारसांनी आपल्या भाषेत बोलते केले आहे. तरीही त्यांनी त्याच्या तोंडी ‘येहूदी’ घातला नाही, याचे श्रेय लेखकाला दिले पाहिजे.

लेखकाचे खरे कसब उत्तराच्या दुसऱ्या भागात आहे. प्राचीन हिब्रूत ‘धर्म’ या अर्थाचे नाम नाही. पुढे रूढ झालेला ‘दात’ हा शब्द इराणी असून बायबलमध्ये त्याचा अर्थ हुकूम वा कायदा असा आहे. म्हणून योना ‘भिणे’ या धातूचे रूप वापरतो. हाच धातू पहिल्या अध्यायात चढत्या क्रमाने येतो : खलाशी आधी वादळाला भितात, योनाचे उत्तर ऐकून अधिक भितात, आणि समुद्र शांत झाल्यावर याहवेला भिऊन यज्ञ व नवस करतात. म्हणजे अध्यायाच्या अखेरीस खलाशी योनाच्याच क्रियापदात येऊन बसले आहेत, पण ते इब्री झालेले नाहीत. वंश आणि उपासना ही दोन विधाने लेखकाने मुद्दाम वेगळी ठेवली. पहिल्यात कोणाला शिरता येत नाही, दुसऱ्यात येते.

प्राचीन ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, नेमका हा भेद नाहीसा झाला. तेथे योना ‘मी प्रभूचा दास आहे’ असे म्हणतो. कारण लिपीत आहे. हिब्रूतील ‘रेश’ आणि ‘दालेत’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की ‘इव्री’चे ‘एवेद’, म्हणजे ‘दास’, असे वाचन सहज होते. उरलेला ‘योद’ हा याहवेच्या नावाचा संक्षेप समजला गेला असावा. राजांच्या पुस्तकात योनाला देवाचा दास म्हटलेच आहे, त्यामुळे भाषांतरकाराला शंका आली नसेल. एका अक्षरापायी वंशाचे विधान जाऊन भक्तीचे विधान दोनदा आले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये ‘इब्री’ पुन्हा आणला आणि आपल्या भाष्यात, योना स्वतःला यहूदी म्हणवत नाही, कारण ते नाव राज्याच्या फाळणीतून आले, असे स्पष्टही केले. त्यानेच नोंदविलेली एक यहूदी परंपरा योनाला सारफथच्या विधवेचा पुत्र मानते. सारफथ हे सीदोनच्या मुलखातले गाव!

नावांचा हा प्रश्न केवळ प्राचीनांचा नाही. कोकणातील समाजाने स्वतःस ‘बेने इस्राएल’ म्हटले. शेजाऱ्यांनी व्यवसायावरून आणि शनिवारच्या विश्रांतीवरून ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांतील जे इस्राएलमध्ये गेले त्यांच्या विवाहांच्या बाबतीत तेथील धर्मपीठाने शंका काढल्या, आणि ते सर्व दृष्टींनी यहूदी आहेत असे 1964 मध्ये तेथील संसदेला सांगावे लागले. उलट, उत्तरेच्या राज्याचा वारसा सांगणारे शोमरोनी लोक पंचग्रंथीपलीकडचे संदेष्ट्यांचे ग्रंथ प्रमाण मानीत नाहीत. तेव्हा उत्तरेचा हा संदेष्टा तेथल्या वारसांच्या धर्मग्रंथात नाही.

कुराणात योना ‘यूनुस’ म्हणून येतो. तेथे त्याचे गाव वा कुळ सांगितलेले नाही. दहाव्या सूऱ्यात ‘यूनुसचे लोक’ असा शब्दप्रयोग आहे, पण ते लोक म्हणजे ज्यांच्याकडे त्याला पाठविले आणि ज्यांनी त्याचे ऐकले ते. हिब्रू ग्रंथात संदेष्ट्याचे लोक जन्माने ठरतात, येथे संदेशाने ठरतात. त्याच्या कबरीही या दोन्ही बाजूंना दाखविल्या जात : एक गालीलातील मशहद येथे, गथ-हेफेरच्या परिसरात, दुसरी मोसुल येथे, प्राचीन निनवेच्या टेकडीवर. मोसुलची नबी यूनुस मशीद जुलै 2014 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ संघटनेने सुरुंग लावून उडविली. टेकडीच्या पोटात अश्शूरचा राजा एसरहद्दोन याचा प्रासाद आहे. त्याची कारकीर्द इ. स. पू. 681 ते 669, म्हणजे यराबामच्या योनाहून सुमारे शंभर वर्षे अलीकडची.