यंत्रं मोजली, माणसं कधी मोजणार?

मार्चचा दुसरा गुरुवार, जागतिक मूत्रपिंड दिन आला की डायलिसिस यंत्रांच्या उद्घाटनाचे फोटो छापून येतात. यंत्रं हवीतच. पण त्यांवर उपचार सुरू झालेला रुग्ण सहा महिन्यांनी हयात आहे का, हे त्या बातम्यांत कधीच नसतं. मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

रुग्ण का दगावतात, हे एका गावावरून पाहू. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीहून यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या आसपास. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, असं वैद्यकशास्त्र सांगतं. आपल्याकडे बहुतेकांचं दोनदावरच भागवलं जातं. महात्मा फुले योजनेत उपचाराला पैसे पडत नाहीत. पांढरं रेशनकार्ड असलेला शेतकरीही त्यात बसतो. साध्या एसटीत रुग्णाला तिकीट नाही. तरीही सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, कापूस वेचणीच्या दिवसांत घरातून दोन माणसं कमी होतात, आणि डायलिसिसची एखादी पाळी चुकते. मग अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदय बंद पडतं. गावात सांगतात, अटॅक आला.

2016च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते, असं सांगितलं होतं. 2017 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2015 मध्ये मूत्रपिंड निकामी होऊन 15 ते 69 वयोगटातले सुमारे 1 लाख 36 हजार मृत्यू झाले. त्यात मधुमेहाचा वाटा मोठा होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र पहिलं बोट फ्लोराइडच्या पाण्याकडे जातं. फ्लोराइडने दात आणि हाडं जातात, यात शंका नाही. पण सगळा दोष बोअरवेलवर टाकला की वर्षानुवर्षं न तपासलेली साखर, बीपी आणि दुकानातून आणून खाल्लेल्या दुखीच्या गोळ्या नजरेआड होतात.

जॉर्ज इन्स्टिट्यूटचे डॉ. विवेकानंद झा आणि सहकाऱ्यांनी एका खासगी साखळीच्या केंद्रांमधले वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या सहा महिन्यांत किती जण जगले, याचं प्रमाण केंद्रागणिक बदलत होतं आणि ग्रामीण केंद्रांत मृत्यूचा धोका जास्त होता. म्हणजे उपचाराचं नाव एकच असलं, तरी तो कुठे मिळतो यावर आयुष्य ठरतं.

पहिल्या महिन्यांतल्या मृत्यूंचं एक मोठं कारण म्हणजे वेळेवर न केलेला फिश्चुला. हातातली धमनी आणि शीर छोट्या शस्त्रक्रियेने जोडली की शीर फुगते, जाड होते, आणि तिच्यात वर्षानुवर्षं सुया टोचता येतात. पण ती तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. आपला रुग्ण दवाखान्यात पोचतो तो दम लागल्यावर, अंग सुजल्यावर. तेव्हा मानेत नळी घालण्यावाचून इलाज नसतो. ती नळी म्हणजे जंतूंना थेट रक्तात जायची वाट. ताप, थंडी, रक्तात जंतुसंसर्ग, आणि पहिल्याच काही महिन्यांत माणूस जातो. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन बरंच चढून डायलिसिस जवळ आल्याचं दिसलं, तेव्हाच फिश्चुला करून ठेवला असता, तर यातले अनेक मृत्यू टळले असते.

अमेरिकेत प्रत्येक डायलिसिस केंद्रातल्या मृत्यूचं प्रमाण जाहीर होतं; कुणीही ते पाहू शकतं. आपल्याकडे संसदेतल्या उत्तरांत रुग्ण आणि पाळ्या यांची संख्या येते. योजनेतल्या प्रत्येक पाळीचे पैसे सरकार देतं, म्हणजे त्यातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्याच्याकडे आहे. मग कोणत्या केंद्रात किती जण वर्षभर जगले, किती जणांची सुरुवात मानेतल्या नळीने झाली, हे जिल्हावार छापायला अडचण कसली?

तोवर फुलसावंगीसारख्या गावांत करता येईल अशी एक गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. ज्याचं क्रिएटिनिन वाढलंय त्याने सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला बजावावं : सलाइन, इंजेक्शन, रक्ताचा नमुना, काहीही असो, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हाताच्या शिरेला हात लावू नका. फिश्चुला शक्यतो तिथेच करायचा असतो.