गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही? डिझेल पंप खोलण्याआधी एवढं तपासा

नारायणगाव / मंचर : पिकअपमध्ये टोमॅटोचे कॅरेट भरलेत, बाजाराची वेळ होत आलीय आणि गाडी नुसतीच सेल्फ घेतेय. फिटर येतो, बॉनेट उघडतो आणि सांगतो, "पंप गेलाय, खोलावा लागेल." मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण फिल्टर बदलायचा तर काम हजार-दीड हजारात भागतं, पण पंपाचं बिल पाच आकडी होऊ शकतं. शिवाय गाडी दोन-चार दिवस उभी आणि माल तसाच.

पंप जातो, नाही असं नाही. पण डिझेल टाकीपासून इंजिनापर्यंत जाताना वाटेत अनेक ठिकाणी अडतं आणि लक्षणं मात्र सारखीच दिसतात. म्हणून पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. क्रम कसा लावायचा, ते बघू.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा

जुन्या पिकअपमध्ये साधा मेकॅनिकल पंप असतो. इंजिन फिरलं की पंप फिरतो आणि पाइपातून नोझलला डिझेल देतो. त्यातल्या बऱ्याच पंपांवर एक स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की त्याचा 'टक्' असा आवाज यायला पाहिजे. आवाज नाही म्हणजे फ्यूज किंवा वायर बघा, पंप नव्हे.

नव्या गाड्यांत कॉमन रेल असते. देशभर २०१७ ला बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरच्या डिझेल पिकअप याच प्रकारच्या धरा. यात पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि इंजेक्टर कधी उघडायचे ते ईसीएम ठरवतो. रेलमधला दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त जातो. पिकअपच्या टायरात साधारण तीन-चार बार हवा असते, यावरून अंदाज घ्या.

रस्त्यावर उभं राहून करायच्या तपासण्या

१. बॅटरी : सेल्फ जोरात फिरतोय की रडतोय? कॉमन रेल गाडीत इंजिन सावकाश फिरलं तर रेलमध्ये दाबच तयार होत नाही आणि गाडी पंप गेल्यासारखी वागते. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज १० च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा.

२. सायलेन्सरचा धूर : एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे बघायचं. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल इंजिनात पोचतंय, पण जळत नाही. तिथे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन तपासा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, किंवा ईसीएम इंजेक्टर उघडत नाही.

३. आरपीएमचा काटा : सेल्फ मारताना काटा जागचा हलतच नसेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. उंदरांनी वायर कुरतडणं आपल्याकडे नवीन नाही. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर अडवतोय.

४. टाकीचं झाकण : झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालू लागली, तर टाकीत हवा जायचं भोक बंद आहे. खर्च जवळपास शून्य.

५. फिल्टरमधलं पाणी : फिल्टरच्या बुडाचा बोल्ट सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. दहा मिनिटं ठेवा. पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पाणी निघालं तर सगळं काढा आणि फिल्टर बदला.

६. लाइनमध्ये हवा : फिल्टरजवळचा हातपंप दाबा. कडक होईपर्यंत दाबल्यावर गाडी लगेच चालू झाली आणि रात्रभर उभी राहिल्यावर पुन्हा तेच झालं, तर कुठूनतरी हवा शिरतेय. जुना रबरी पाइप, ढिली क्लिप, फिल्टरचं वॉशर बघा. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून हवा शिरत नाही, असं समजू नका. टाकी ते पंप या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट असली तर बाहेर थेंब न पडताही हवा आत जाते. ज्या बीएस-६ गाडीच्या टाकीतच विजेवरचा पंप आहे, तिथे चावी ऑन केल्यावर त्याचा बारीक घूं आवाज ऐका. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले बघा.

घाटात दम सोडते, सपाटीला पळते

ओतूरहून माळशेज घाटाने कल्याणकडे माल नेणाऱ्यांना हे माहीत असेल. सपाटीला गाडी बरी, चढ लागला की लोळते. चढावर डिझेल जास्त लागतं आणि चोंदलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही.

इथे धुराचा रंग बघा. दम सुटताना काळा धूर येत असेल तर बहुधा डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर आणि टर्बोचा पाइप तपासा. धूर न येता ताकद पडत असेल तर डिझेल कमी पडतंय. आधी फिल्टर, मग टाकीतली जाळी आणि नंतर पंप. बीएस-६ गाडीत मात्र सायलेन्सरची जाळीच धूर अडवते, त्यामुळे तिथे स्कॅनर लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पंपच गेला, हे कशावरून म्हणायचं?

वरचं सगळं ठीक असेल तर आता स्कॅनर लावायला सांगा. सेल्फ मारताना ईसीएम किती दाब मागतोय आणि रेलमध्ये किती येतोय, हे दोन आकडे बघायचे. बहुतेक गाड्यांत साधारण दोनशे-अडीचशे बार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. 'पी ००८७' असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की रेलमध्ये दाब कमी आहे. का कमी आहे, ते कोड सांगत नाही. कोडवरून थेट पंप बदलायला लावणं म्हणजे ताप आला म्हणून ऑपरेशन करण्यासारखं आहे.

त्यानंतर रिटर्न तपासायचं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला सारख्या बाटल्या लावतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली, तर दाब त्या इंजेक्टरमधून निसटतोय आणि पंप निर्दोष आहे. चारही बाटल्या ठीक, पंपापर्यंत डिझेल भरपूर, दाबाचा सेन्सर आणि पंपावरचा व्हॉल्व्हही ठीक, तरी दाब नाही, तेव्हाच पंप दोषी.

आणखी एक पक्की खूण आहे. पंपावरचा व्हॉल्व्ह काढल्यावर किंवा फिल्टर कापल्यावर चांदीसारखा चकाकणारा बारीक चुरा दिसला, तर पंप आतून खाल्ला गेलाय. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, पाइप, रेल साफ करून इंजेक्टरही तपासावे लागतात, नाहीतर तोच चुरा नव्या पंपात जातो. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नका. पंपाच्या सीलमधून किंवा इंजेक्टरमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय आणि पातळ ऑइलवर इंजिन जाम होतं.

हे कधीच करू नका

जुन्या पंपाच्या गाडीत नट सैल करून हवा काढायची सवय अनेकांना आहे. कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना जाड पाइपाचा नट सैल करू नका आणि गळती बोटाने चाचपू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. वरून सुई टोचल्याएवढं दिसतं, पण आत मांस सडतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय, असं स्पष्ट सांगा. हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंगचा स्प्रेसुद्धा मारू नका.

पंप मरतो कशाने?

पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पाणी किंवा रॉकेल मिसळलेलं डिझेल आलं की आतले भाग एकमेकांवर घासतात. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतताना सांभाळा, ड्रमच्या तळाशी पाणी आणि गंज असतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे-भीमाशंकरकडे पावसाळ्यात हवा दमट असते. रिकाम्या टाकीत त्या हवेचं पाणी होतं, म्हणून गाडी उभी करताना टाकी भरलेली ठेवा. काटा लालवर जाऊ देऊ नका. डिझेल संपून गाडी बंद पडलीच, तर आधी डिझेल भरा, हातपंपाने लाइन भरा, मग सेल्फ मारा, तोही दहा-दहा सेकंदच.

डिझेलवर शंका असेल तर पंपावर घनता मोजून दाखवायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. बिल जपून ठेवा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा

एक, स्कॅनरवरच्या दाबाच्या आकड्यांचा फोटो. दोन, रिटर्नच्या बाटल्यांचा फोटो. तीन, काढलेला जुना पंप किंवा टेस्ट बेंचचा कागद. पंप-नोझलचं काम करणारी दुकानं वेगळी असतात आणि त्यांच्याकडे हे मशीन असतं. चांगल्या फिटरला असं विचारल्याचा राग येत नाही.

तुमच्या ड्रायव्हरच्या फोनवर हा मजकूर आजच पाठवून ठेवा. माल भरलेला असताना शोधत बसायची वेळ नको.