साहेब नसलेले गोरे लोक

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, लाहोर आणि मेरठ या दोन पायदळ डिव्हिजनांचे भारतीय शिपाई फ्रान्समधील मार्सेल्स बंदरात उतरू लागले आणि महिन्याभरातच त्यांच्या काही तुकड्या उत्तरेकडील खंदकांत लढू लागल्या. २८ ऑक्टोबरला न्यव शापेल या खेड्यावर झालेल्या हल्ल्यात शीख पलटणीच्या बरोबरीने, मुख्य ठाणे खडकी येथे असलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे सुरुंग, खंदक आणि पूल यांची कामे करणाऱ्या सैनिकांच्या, दोन कंपन्या होत्या. युद्ध संपेपर्यंत लढणारे आणि मजूर मिळून सुमारे १ लाख ३८ हजार भारतीय या आघाडीवर जाऊन आले. त्यांच्या पराक्रमाच्या कथा पलटणींच्या इतिहासांत नोंदल्या आहेत. परंतु त्यांनी तेथील घरे, शेते आणि माणसे कशी पाहिली, हे कळते ते त्यांच्या पत्रांवरून.

१९१५ च्या मार्चपर्यंत हे शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे घरी धाडत होते. बहुतेकांना लिहिता येत नसल्याने मजकूर दुसऱ्याकडून लिहवून घेतला जाई, आणि तो पुढे कॅप्टन हॉवेल यांच्या सेन्सॉर कचेरीत वाचला जाई. तेथे केलेले इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपले पत्र साहेब वाचणार, हे शिपायांना पक्के ठाऊक असल्यामुळे भारतीय सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून, त्यांतले काय संपत आले आहे हे घरच्यांना कळवण्याची युक्तीही त्यांनी काढली होती. तेव्हा या पत्रांतील स्तुती वाचताना थोडे सावध राहिलेले बरे.

पायदळ १९१५ च्या अखेरीस मुख्यतः मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, हलवले गेले. घोडदळ मात्र १९१८ च्या आरंभापर्यंत फ्रान्समध्येच राहिले. खंदकांच्या लढाईत घोड्यांना फारसे काम नसल्याने या स्वारांचे कित्येक महिने पिछाडीच्या खेड्यांत ‘बिलेट’मध्ये गेले. बिलेट म्हणजे छावणीऐवजी गावकऱ्यांची घरे, गोठे किंवा धान्याची कोठारे यांत केलेली राहण्याची सोय. शिपाई बव्हंशी शेतकरी घरांतले, त्यामुळे पॅरिसच्या झगमगाटाची तारीफ करणारी पत्रे असली, तरी त्यांची नजर खरी रमली ती शेतकऱ्याच्या अंगणात. गाय किती दूध देते, शेताची मशागत कशी होते, फळांची झाडे कशी लगडलेली असतात, दुकानात घासाघीस न करता ठरल्या भावाने सौदा कसा होतो, हे सारे ते बारकाईने लिहीत. त्या भागात कुत्र्यांना गाडीला जुंपत, आणि लोणी काढण्याच्या यंत्राचे चाकही त्यांच्याकडून फिरवून घेत. घरी नुसती राखण करणारा कुत्रा पाहिलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटावे यात नवल नाही.

सर्वांत जास्त लिहिले गेले ते बायकांविषयी. नांगर धरणाऱ्या, गुरे सांभाळणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या स्त्रिया पाहून अनेकांनी आपल्या मुलींना शाळेत घालण्याचा आग्रह घरच्यांना केला. यात एक गफलतही होती: धडधाकट पुरुष आघाडीवर गेल्यामुळे स्त्रियांवर पडलेला कामाचा भार काहींना त्या देशाची नेहमीची रीत वाटला. मुलींच्या शिक्षणाची गोष्ट मात्र खरीच होती, कारण फ्रान्समध्ये १८८० च्या दशकातच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले होते.

या निरीक्षणांचे मोल त्यांच्या अचूकतेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. भारतात शिपायाला भेटणारा गोरा माणूस म्हणजे हुकूम देणारा साहेब. शेण काढणारा, चिखलात राबणारा, कर्त्या मुलाच्या मरणाने खचलेला गोरा त्याने पाहिलाच नव्हता. फ्रान्समध्ये शिपाई अशाच गोऱ्याच्या घरात राहत होता, आणि आपले मुलगे रणात असलेल्या म्हाताऱ्या यजमानिणी या परक्यांना प्रेमाने खाऊपिऊ घालत असल्याचे पत्रांतून दिसते. ही जवळीक लष्करी अधिकाऱ्यांना रुचली नाही. इंग्लंडमधील ब्राइटनच्या रुग्णालयांत जखमी शिपायांसाठी धर्म-जातीनुसार वेगवेगळी स्वयंपाकघरे आणि पाण्याचे निराळे नळ इतकी काळजी घेतली गेली, पण बाहेर फिरण्यावर निर्बंध होते आणि एका रुग्णालयाला तर तारेचे कुंपणही घातले होते. गोऱ्या स्त्रियांशी संबंध आल्यास साम्राज्याचा दरारा कमी होईल, ही त्यामागची भीती. फ्रान्सच्या खेड्यांत असे कुंपण घालणे शक्यच नव्हते. तेथे काही शिपाई मोडकीतोडकी फ्रेंच बोलू लागले, थोड्यांनी फ्रेंच मुलींशी संसारही मांडला, आणि अशा प्रेमप्रकरणांचे उल्लेख असलेल्या पत्रांकडे सेन्सॉर कचेरी विशेष लक्ष पुरवू लागली.